सिंहगडावर गाडीनं जायचं तर

आईचे गुडघे कुरकुरायला लागले तसं आम्ही आतकरवाडीच्या पायवाटेनं गड चढणं सोडलं. आता मी तिला गाडीनं वर नेते. गड तिला बघायलाच हवा असतो.

पुण्याहून उजाडताना निघा. रविवारी उशीर केलात तर वरचं पार्किंग भरतं आणि गाड्या खालीच अडवतात. खडकवासल्याचं पाणी उजव्या हाताला ठेवत पुढे जायचं, मग पानशेतचा रस्ता सोडून डोणज्याकडे डावीकडे वळायचं. गोळेवाडीला वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडली की घाट सुरू.

चढताना एसी बंद, गाडी दुसऱ्या गिअरला. अवघड वळणावर पहिला टाकायला लाजू नका, आणि वळणाच्या आधीच टाका, ऐन वळणात नको. प्रत्येक आंधळ्या वळणाला हॉर्न. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे उतरताना विसरू नका. मधे कोंढणपूरचा फाटा लागतो, तिथून अचानक गाडी येते. पावसाळ्यात दरड कोसळते, धुकं दाटतं. जोराचा पाऊस असेल तर जाऊच नका. वाटेत धुकं आलं तर दिवे लावा, पण लो बीमवर.

पार्किंगपासून पुणे दरवाजापर्यंत पायऱ्या आहेत. एकामागून एक तीन दरवाजे. आई प्रत्येकात टेकते, उंबऱ्यावरून हात फिरवते, मगच पुढे. सुमारे १३०० मीटरवरचा वारा अंगावर येतो, शाल बरोबर घ्या. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे इथं पडले. त्यांच्या समाधीपाशी ती चपला काढून उभी राहते. मग पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. दह्याला वर घट्ट पिवळसर साय असते, ती मला कधीच मिळत नाही.

खरी परीक्षा उतरताना. ज्या गिअरला चढलात, त्याच गिअरला उतरा. पहिल्यांदा मी तिसऱ्या गिअरला सोडून सतत ब्रेकवर पाय ठेवला होता. निम्म्या घाटात चाकांतून करपल्याचा वास आला आणि पेडल मऊ लागलं. गाडी कशीबशी रुंद जागी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला आणि अर्धा तास बसून राहिले. चाकं तापली असतील तर त्यांवर पाणी ओतू नका, आपोआप निवू द्या.