पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका

मी 33 वर्षं पोलीस खात्यात काढली. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून 2021 साली निवृत्त झालो. त्यातली निदान 12 वर्षं ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे गेली. दारातून आत आलेला माणूस पहिल्यांदा ज्याच्यापुढे उभा राहतो, ते टेबल. आता गावात कुणाला ठाण्यातून फोन आला की तो आधी माझ्या ओट्यावर येतो. प्रत्येकाला तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून हे लिहून ठेवतोय. कलमांचे आकडे सूनबाईने तपासून दिलेत, ती वकील आहे. आमच्या वेळचं गुन्हा नोंदवायचं कलम 154 पाठ होतं. 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याचं 173 झालं आणि या वयात नवे आकडे डोक्यात बसत नाहीत.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. एक आजोबा आले होते, नदीवरची पाच एचपीची मोटार चोरीला गेली म्हणून. महिनाअखेर होती, साहेबांना गुन्ह्यांचा आकडा वाढलेला नको होता. मी म्हणालो, "बाबा, अर्ज देऊन ठेवा, चौकशी करतो." त्यांनी अर्ज दिला, मी तो फायलीत सरकवला. आठ दिवसांनी परत आले, तेव्हा चौकशी चालू आहे म्हणून सांगितलं. तिसऱ्या खेपेला बरोबर नात होती, दहावीतली असेल. तिने अर्जाच्या दोन प्रती स्वतःच्या हाताने लिहून आणल्या होत्या. एक माझ्यापुढे ठेवली, दुसरी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "काका, यावर आवक नंबर आणि शिक्का द्या. तारीखपण टाका." मी आवाज चढवला. ती रडवेली झाली, पण जागची हलली नाही. "शिक्का द्या ना काका," एवढंच पुन्हा. शेवटी मारला शिक्का. पंधरवड्यात वरून विचारणा आली. पोरीने त्या प्रतीची झेरॉक्स रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना धाडली होती. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच संध्याकाळी गुन्हा दाखल झाला.

त्या पोरीला एकही कलम माहीत नसावं. पण आमचा जीव कशात अडकलेला असतो ते तिला नेमकं कळलं होतं. तुम्ही ओरडलात तर आम्ही त्याहून मोठ्याने ओरडू शकतो, सवय असते. शिक्का मारलेला कागद मात्र दुसऱ्याच्या हातात गेला की आम्हाला झोप येत नाही.

आता भीतीचं. ठाण्यात पाय ठेवल्यावर छाती धडधडणारच, भल्याभल्या पुढाऱ्यांची धडधडताना पाहिलीय. मी सगळ्यांना एकच सांगतो, आत गेल्यावर आधी पाणी मागा. "साहेब, जरा पाणी मिळेल का?" कुणीतरी उठतं, ग्लास येतो, तुम्ही सावकाश पिता. तेवढ्यात श्वास जागेवर येतो आणि समोरच्याचाही पारा एखादा आकडा उतरतो. सोबत चष्मा, वही, पेन न्या. वही उघडून वर तारीख, वेळ आणि समोरच्याच्या नेमप्लेटवरचं नाव लिहा. शिपाई-हवालदार असेल तर बक्कल नंबर. दिसत नसेल तर विचारा, "साहेब, आपलं नाव काय लिहू?" चढ्या आवाजात विचारलंत तर भांडण होतं, वहीत बघत विचारलंत तर बहुतेक जण सांगून टाकतात.

दुसरं म्हणजे शांतता भरून काढायला जाऊ नका. आम्ही एक प्रश्न विचारून गप्प बसतो. मुद्दाम. समोरच्याला ती शांतता सोसत नाही, मग तो न विचारलेलंही सांगू लागतो. मेव्हण्याचं सांगतो, उधारीचं सांगतो, कधीकाळी दारू पिऊन केलेल्या मारामारीचंही सांगतो. उत्तर झालं की ओठ मिटा.

आणि हात. बोलताना हातवारे करायची सवय असेल तर हात टेबलाखाली ठेवा. जुनं 353 सगळ्यांना माहीत आहे, आता ते भारतीय न्याय संहितेचं 132. सरकारी नोकराला कामापासून अडवायला हल्ला किंवा बळाचा वापर केला तर ते लागतं. नुसता प्रश्न विचारला, नाव लिहून घेतलं, त्याने लागत नाही. पण कॉलरला, काठीला, नाहीतर टेबलावरच्या कागदाला हात घातलात की तुमची बाजू कितीही खरी असली तरी ती मागे पडते.

तक्रार द्यायला गेलात तर तुमच्या हातात काय येतं ते नीट वाचा, इथे नव्वद टक्के लोक फसतात. तीन प्रकारचे कागद असतात. अर्जाची पोच, म्हणजे फक्त अर्ज आला एवढंच. एनसी, म्हणजे अदखलपात्र. त्यात न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून ती चिठ्ठी घेऊन वर्षभर वाट बघू नका. आणि तिसरा खरा गुन्हा, एफआयआर, ज्यावर गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमं असतात. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. घटना आमच्या हद्दीतली नाही, हे कारण चालत नाही. शून्य नंबरने दाखल करून योग्य ठाण्याला पाठवायचा असतो. प्रत तिथल्या तिथे आणि फुकट मिळते. झेरॉक्सचे पैसे मागितले तर हसून म्हणा, "साहेब, 173 मध्ये फुकट लिहिलंय ना?" एफआयआर नाहीच घेतला तर त्या पोरीची वाट धरा. लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, शहरात पोलीस उपायुक्तांना. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

फोनवरून बोलावणं आलं की लोक चप्पल घालून निघतातच. थांबा. विचारा: कोण बोलताय, कुठलं ठाणं, गुन्हा दाखल आहे का, मला साक्षीदार म्हणून बोलावताय की आरोपी म्हणून? मग म्हणा, "लेखी नोटीस द्या, मी हजर राहतो." हा उद्धटपणा नव्हे. संशयित म्हणून बोलवायचं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची नोटीस लागते, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं. नोटीस मिळाल्यावर मात्र ठरल्या वेळी जाच, कारण नोटीस पाळणाऱ्याला एरवी अटक करता येत नाही. करायचीच झाली तर अधिकाऱ्याला कारणं लेखी नोंदवावी लागतात. साक्षीदाराचं वेगळं आहे. बाई असो, 15 वर्षांखालचा मुलगा असो, 60 वर्षांवरचा माणूस असो, अपंग किंवा गंभीर आजारी असो, त्याचा जबाब घ्यायला पोलिसांनीच घरी यायचं असतं. हे कलम 179 मध्ये आहे आणि आमच्या काळात थोड्या फरकाने 160 मध्ये होतं (2013 पासून 65 वर्षांवरच्यांसाठी), तरी आम्ही म्हाताऱ्यांना एसटीने बोलवायचो. कुणी विचारायचंच नाही.

व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात" म्हणणारा पोलीस नसतो, चोर असतो. असली अटक कुठल्याच कायद्यात नाही. फोन ठेवा, सायबर फसवणुकीच्या 1930 ला कळवा.

सह्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ठाण्यात माणूस सगळ्यात जास्त घाई सही करताना करतो. फिर्याद तुमची असेल तर तिच्यावर सही लागते. पण आधी शब्द न् शब्द वाचा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. आमचा लेखनिक स्वतःच्या ठरीव भाषेत लिहितो. तुम्ही म्हणता "ढकललं", तो लिहितो "हाताबुक्क्यांनी मारहाण केली". चूक दिसली की तिथेच दुरुस्त करून घ्या. साक्षीदार म्हणून जबाब घेतला असेल तर त्यावर सही करायचीच नसते. कायद्यातच तसं आहे, पूर्वी 162, आता 181. तरी पुढे केला कागद, तर "साहेब, जबाबावर सही नसते ना?" एवढं पुरतं. अटकेच्या फॉर्मवर, जप्ती पंचनाम्यावर सही मागतात; तिथे सहीखाली तारीख आणि घड्याळात बघून वेळ घाला. कोऱ्या कागदावर सही म्हणजे सही नाहीच. कुणी कितीही गोड बोललं, चहा पाजला, "नंतर भरतो" म्हणालं, तरी नाही. मी स्वतः असे कोरे कागद घेतलेत, म्हणून सांगतोय.

मोबाइल मागितला तर जप्ती पंचनामा मागा आणि देण्याआधी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख नंबर, वहीत उतरवा. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतो.

रस्त्यावरच्या नाकाबंदीचं फार सांगत नाही. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद, हेल्मेट काढा, लायसन्स दाखवा. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की दाखवावंच लागतं, पण डिजिलॉकरमधलं चालतं. गाडीची चावी काढून घ्यायचा अधिकार कुठल्या कायद्यात नाही, तरी चावीवरून झटापट करू नका. नाव लिहा, वेळ लिहा. "चलान करा साहेब" हे वाक्य देवाणघेवाणीवर रामबाण आहे, आणि तरीही मागणी झाली तर लाचलुचपत विभागाचा 1064 आहे. व्हिडिओ काढायचा तर काढा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये सांगितलंय की पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातलं प्रतिबंधित ठिकाण नाही, म्हणून आत चित्रीकरण केलं तरी तो कायदा लागत नाही. फक्त फोन छातीशी धरा, कुणाच्या नाकासमोर नाचवू नका. नाकासमोर फोन आला की मलासुद्धा राग यायचा, मग माझं डोकं कायद्यावरून तुमच्यावर सरकायचं.

अटक झालीच तर पाच-सहा गोष्टी डोक्यात ठेवा. कारणं लेखी आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळायला हवीत. मुंबईतल्याच एका प्रकरणात नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. अगदीच अडचण असेल तर रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला न्यायालयात उभं करण्याच्या किमान दोन तास आधी तरी. घरच्या किंवा ओळखीच्या एका माणसाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, म्हणून घरातला एक नंबर तोंडपाठ ठेवा. फोन जप्त झाल्यावर स्वतःच्या बायकोचा नंबर न आठवणारे कितीतरी पाहिले. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, अर्थात पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही. वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 ला फोन करायला सांगा. कोठडीतल्या माणसाला आणि कुठल्याही बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नसते. अपवाद असला तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही लागतं. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत न्यायालयापुढे.

मारलं तर काय, हे लोक ओट्यावर सगळ्यात शेवटी आणि खालच्या आवाजात विचारतात. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते. डॉक्टर घाईत असतो, पोलीस दाराशी असतो, तरी कुठे लागलंय ते शर्ट वर करून दाखवा आणि कागदावर लिहायला सांगा. त्या अहवालाची प्रत तुम्हाला मिळायची असते. पोलिसापुढे दिलेली कबुली न्यायालयात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. मात्र तुम्ही सांगितलेल्या जागी वस्तू सापडली तर तेवढा भाग वापरता येतो, हेही माहीत असू द्या.

मग रिमांडच्या वेळी न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" मी आरोपी घेऊन कितीदा गेलोय, त्याच्या मागे दोन फुटांवर उभा असायचो. प्रश्न आला की तो आधी मान वळवून माझ्याकडे बघायचा. मी काहीच करायचो नाही, नुसता उभा. मग तो पुढे बघून म्हणायचा, "नाही साहेब." कारकून तसं लिहून घ्यायचा आणि पुढचा पुकारा व्हायचा. तो प्रश्न आला की मान वळवू नका. न्यायाधीशांकडे बघा आणि काय झालं, किती वाजता झालं, कुणी केलं ते तिथेच सांगा. ते लिहून घेतलं की नाही, हेही तिथेच विचारा.