कॅन्सरनंतर पुन्हा स्कूबा डायव्हिंग : या चुका टाळा

ट्रीटमेंट संपून वर्ष व्हायच्या आत मी मालवणला पोचले होते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, छातीच्या डाव्या बाजूला रेडिएशन, सगळं झालेलं. फॉलोअपला "आता नेहमीसारखं सगळं करा" असं ऐकलं आणि त्या 'सगळं'मध्ये मी डायव्हिंगही धरलं. होडी सुटायची घाई होती. मेडिकल फॉर्मवर वरपासून खालपर्यंत 'नाही' लिहीत गेले आणि सही केली.

तीच पहिली चूक. जगभर चालणाऱ्या त्या फॉर्मवर सरळ विचारलेलं असतं : १.६ किलोमीटर १४ मिनिटांत चालणं किंवा न थांबता २०० मीटर पोहणं जड जातं का? गेल्या १२ महिन्यांत तब्येतीमुळे नेहमीच्या हालचाली बंद होत्या का? नुकतीच केमो झालेल्या माणसाचं याला खरं उत्तर काय, ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं. ते लिहिलं की डॉक्टरची सही लागते आणि त्या दिवशीची डाइव्ह जाते. जाऊ द्या. मालवणचा सीझन मेपर्यंत असतो.

आजार सांगतो, औषधं सांगत नाही

"मला कॅन्सर होता" एवढ्यावरून डायव्हिंगच्या डॉक्टरला फारसं काही कळत नाही. त्याला हवी असते केमोची फाइल : कोणतं औषध, किती डोस, रेडिएशन नेमकं कुठे. सगळ्यात आधी बघायचं नाव म्हणजे ब्लिओमायसिन. हॉजकिन लिम्फोमा आणि वृषणाच्या कॅन्सरमध्ये हे देतात, म्हणजे बरे होऊन पुन्हा समुद्राकडे वळणारे बरेचसे तरुण याच गटातले. हे औषध फुप्फुसाला इजा करू शकतं आणि त्यानंतर जास्त दाबाचा ऑक्सिजन त्या फुप्फुसाला पुन्हा दुखवेल अशी भीती असते. २० मीटरवर दाब तिप्पट होतो. तिथे साधी हवा घेतली तरी जमिनीवर ६३ टक्के ऑक्सिजन घेतल्यासारखं होतं. नायट्रॉक्स, म्हणजे जादा ऑक्सिजनची हवा, घेतलं तर त्याहून जास्त. शिवाय काही बिघडलंच, तर बेंड्सवरचा (वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा त्रास, त्यात बधिरपणाही येतो) पहिला उपचारच शुद्ध ऑक्सिजन. म्हणून फाइलमध्ये हे नाव असेल, तर डायव्हिंग मेडिसिन जाणणाऱ्या डॉक्टरने तपासून स्पष्ट होकार दिल्याशिवाय पाण्यात उतरू नका, कितीही वर्षं उलटली असली तरी.

डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाचा मुद्दा वेगळा, तो हृदयाचा : ते हृदय कमजोर करू शकतं. गळ्यापर्यंत पाण्यात उतरलं की पायांतलं अर्धा-पाऊण लिटर रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावरचा भार वाढतो. त्यामुळे टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नवा हवा, केमोच्या आधीचा चालणार नाही.

'दम लागत नाही' म्हणजे फुप्फुस ठीक, असं धरून चालणं

छातीवरच्या रेडिएशनचे व्रण कधी कधी महिन्यांनंतर धरतात. जिना चढताना काही जाणवत नाही. पण फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा अडकत असेल, तर १० मीटरवरून वर येताना ती दुप्पट फुगते आणि ते फाटू शकतं. फुंकर मारून करायची फुप्फुसाची तपासणी (पीएफटी) आणि गरजेप्रमाणे सीटी स्कॅन, हे डॉक्टरांशी बोलून करून घ्याच.

मुंग्यांची नोंद न ठेवणं

हे माझ्यावर बेतलं. केमोतल्या पॅक्लिटॅक्सेलमुळे बोटांना मुंग्या यायच्या, त्याची सवय झाली होती. त्या दिवशी दोन डाइव्ह झाल्या. संध्याकाळी खोलीवर ओल्या बूटांची चेन काढायला गेले तर बोटांना ती लागेचना. हे जुनंच, की बेंड्स? इन्स्ट्रक्टरने लगेच ऑक्सिजन लावला आणि डॉक्टरकडे नेलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "डाइव्हच्या आधी बधिरपणा कुठवर होता?" मला सांगता आलं नाही. शेवटी जुनंच निघालं, पण ते ठरायला अख्खी रात्र गेली.

आता प्रत्येक ट्रिपआधी मी डोळे मिटते. नवरा टाचणीच्या बोथट टोकाने बोटाच्या टोकापासून मनगटाकडे टोचत येतो, जिथे नीट कळायला लागतं तिथे पेनाने रेघ मारतो आणि हातापायांचा फोटो काढून ठेवतो. तरी डाइव्हनंतर शंका आली तर बेंड्सच समजायचं, घरी बसून ठरवायचं नाही. केमोत सिस्प्लॅटिन घेतलेल्यांनी कानाची तपासणीही करावी, त्याने ऐकू येण्यावर परिणाम होतो.

राहिलेल्या काही

हाताला पिक लाइन (शिरेत घातलेली, टोक बाहेर असलेली नळी) असेल तर डायव्हिंग बंद. केमो पोर्ट (औषध सोडायची छोटी डबी) त्वचेखाली असतो, जखम पूर्ण भरल्यावर तो आड येत नाही, पण बीसीडीचा (टाकी अडकवायच्या, हवा भरता येणाऱ्या जॅकेटचा) पट्टा बरोब्बर त्यावर रुततो का हे किनाऱ्यावरच बघा. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर भरलेली सोळा किलोची टाकी त्या हाताने ओढू नका. पाण्यातच काढून द्या, होडीवरचे खलाशी घेतात आणि त्यात लाज वाटायचं काही नाही.

तोंडाच्या कॅन्सरबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडे तंबाखूमुळे तो फार. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर तोंड कमी उघडतं, लाळ आटते, कान मोकळे होत नाहीत. टाकीतली हवा ज्यातून घेतात तो रेग्युलेटर तर दातांत धरायचा असतो आणि त्यातली हवा कोरडी. आधी घरी नुसता माउथपीस तोंडात धरून २० मिनिटं टीव्हीसमोर बसून बघा. जबडा थरथरायला लागला तर समुद्र अजून लांब आहे.

मी नंतर सहा महिने पुण्यातल्या तलावात पोहले, सही घेतली आणि मगच तारकर्लीला ८ मीटरची एक डाइव्ह केली. कोरड्या पिशवीत केमोची समरी आणि हाताचे फोटो होते, आणि ती पिशवी कुठे आहे हे माझ्या बडीला, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराला, माहीत होतं.