शस्त्रखरेदीचा एक करार कसा वाचावा

दरवर्षी मार्च महिन्यात स्टॉकहोमची सिप्री ही संस्था जागतिक शस्त्रव्यापाराची आकडेवारी प्रसिद्ध करते. या विषयावर वाचनमंडळात बोलायचे किंवा महाविद्यालयात निबंध सादर करायचा असला, की बहुतेक जण याच आकड्यांपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. विकसनशील देशांवर या व्यापाराचा काय परिणाम होतो हे खरोखर समजून घ्यायचे असेल, तर एकच करार निवडावा आणि पैसा ज्या वाटेने गेला त्या वाटेने तो शेवटपर्यंत तपासावा, असे माझे मत आहे.

आकडे टाळावेत असे नव्हे, पण ते कशाचे आहेत हे आधी पाहावे. २०२०–२४ या काळात जगातील निर्यातीत अमेरिकेचा वाटा ४३ टक्के होता आणि आयातदारांत युक्रेनपाठोपाठ भारताचा क्रमांक होता. हे प्रमाण किमतीवरून काढलेले नसते. हस्तांतरित झालेल्या लष्करी क्षमतेवरून काढलेले असते, त्यामुळे देणगी म्हणून मिळालेले रणगाडेही त्यात मोजले जातात. एखाद्या देशाच्या तिजोरीवर किती भार पडला हे त्यावरून कळत नाही.

करार निवडताना गोव्यातील वाचकाने मोझांबिककडे पाहावे. लॉरेन्सो मार्क्सला, म्हणजे आजच्या मापुतोला, नोकरीनिमित्त गेलेला एखादा पूर्वज आपल्याकडच्या अनेक घरांत सापडतो, त्यामुळे तो देश श्रोत्यांना परका वाटत नाही. २०१३–१४ मध्ये तेथील तीन सरकारी कंपन्यांनी किनारा-संरक्षण, ट्यूना मासेमारी आणि नौकांची देखभाल या कारणांसाठी परदेशी बँकांकडून सुमारे २ अब्ज डॉलर उचलले. सरकारने या कर्जांना हमी दिली, पण संसदेची मंजुरी घेतली नाही. यातील मोठा भाग २०१६ पर्यंत लपून राहिला. तो उघड होताच आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आणि देणगीदार देशांनी अर्थसाहाय्य थांबवले, स्थानिक चलन कोसळले आणि जानेवारी २०१७ मध्ये सरकारला रोख्यांवरील व्याजाचा हप्ता भरता आला नाही. पुढे लेखापरीक्षणात सुमारे ५० कोटी डॉलरचा हिशेब लागला नाही. हमीपत्रांवर सही करणारे माजी अर्थमंत्री मानुएल चांग यांना २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोषी ठरवले. बऱ्याचशा नौका मात्र बंदरातच बांधून पडल्या.

हा घटनाक्रम मांडताना प्रत्येक टप्प्यावर कर्ज कोणी दिले, हमी कोणी घेतली आणि ती अंदाजपत्रकाच्या कोणत्या शीर्षाखाली दाखवली, हे विचारत जावे. विक्रेत्याचे नाव सहज सापडते. हमीपत्र शोधावे लागते. शिवाय खरेदीची किंमत हा खर्चाचा आरंभ असतो. सुटे भाग, दारूगोळा, प्रशिक्षण आणि दुरुस्ती यांसाठी खरेदीदार पुढची कित्येक वर्षे त्याच विक्रेत्यावर अवलंबून राहतो आणि हे पैसे परकीय चलनात मोजावे लागतात, म्हणून चलन घसरले की जुनाच करार महाग होतो.

तुलनेसाठी टांझानियाचे उदाहरण पुरेसे आहे. कर्जमाफीसाठी पात्र ठरलेल्या त्या देशाला ब्रिटनच्या बीएई सिस्टिम्स या शस्त्रनिर्मात्या कंपनीने २ कोटी ८० लाख पौंडांची रडारयंत्रणा विकली. ती नागरी विमानवाहतुकीसाठी अवाजवी महाग असल्याचे मत तेव्हाच व्यक्त झाले होते, तरीही निर्यात परवाना दिला गेला. या विक्रीची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश तपास यंत्रणेशी २०१० मध्ये झालेल्या तडजोडीनंतर कंपनीने सुमारे २ कोटी ९५ लाख पौंड टांझानियातील शिक्षणासाठी दिले, म्हणजे रडारच्या किमतीइतकी रक्कम अखेर पाठ्यपुस्तकांच्या आणि बाकांच्या रूपाने परत आली.

कायद्याचा भाग थोडक्यात आटोपावा, पण एक फरक नक्की सांगावा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २ एप्रिल २०१३ रोजी संमत केलेला शस्त्रव्यापार करार नरसंहार आणि युद्धगुन्हे यांच्या जोखमीचा विचार करायला लावतो. भारत त्या मतदानात तटस्थ राहिला. खरेदीदार देशाला ही शस्त्रे परवडतात का, हा निकष मात्र युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमावलीत आठव्या क्रमांकावर येतो. टांझानियाचे प्रकरण पाहता तसा निकष कागदावर असणे आणि तो पाळला जाणे यांत बरेच अंतर पडते.

शेवटी हेच प्रश्न आपल्या दारातही विचारावेत. वास्कोच्या गोवा शिपयार्डने बांधलेल्या ‘सयुराला’ आणि ‘सिंदुराला’ या गस्तीनौका २०१७ आणि २०१८ मध्ये श्रीलंकेच्या नौदलात दाखल झाल्या, म्हणजे विकणाऱ्यांच्या रांगेत आता आपणही उभे आहोत. २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेड थांबवली, त्यामागे अनेक कारणे होती आणि त्यांचा संबंध या नौकांशी जोडणे उतावीळपणाचे ठरेल. मात्र त्यांची किंमत कशी फेडली गेली आणि सुटे भाग आज कोठून येतात, याची टिपणे कंपनीच्या वार्षिक अहवालांवरून आणि श्रीलंकेच्या अंदाजपत्रकावरून काढावीत; प्रत्येक रकमेपुढे चलन आणि वर्ष लिहावे.