हॅप्सच्या एव्हिऑनिक्समध्ये यायचंय? आधी हे वाचा

मी सांगलीकडचा, डिग्री ई अँड टीसी, सुरुवात पीसीबी (सर्किट बोर्ड) डिझाइनपासून आणि आता बेंगळुरूत हॅप्सवर एव्हिऑनिक्स (म्हणजे विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स) सिस्टिम्स लीड. हॅप्स म्हणजे सोलरवर चालणारं, साधारण 20 किमीवर दिवसेंदिवस घिरट्या घालणारं मानवरहित विमान. एअरबसचं झेफर 2022 मध्ये सलग 64 दिवस हवेत होतं, इकडे एनएएल या सरकारी विमान-संशोधन संस्थेने 2024 मध्ये कर्नाटकात चळ्ळकेरेला हॅप्सचं छोटं मॉडेल उडवलं, तेव्हापासून पोरं विचारतात की यात यायला काय शिकू.

लीड झालो तेव्हा वाटलेलं आता मोठी डिझाइन्स करणार, पण पहिले सहा महिने नुसतं एक्सेल. कुठल्या बॉक्सला (इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्याला) किती वॉट, किती ग्रॅम, कुठल्या पिनवर काय, ती पिन कोणाची. कंटाळवाणं वाटतं ना, पण हिशोब बघा, एखाद्याने "फक्त 10 वॉट जास्त लागतील" म्हटलं की 14 तासांच्या रात्रीसाठी 140 वॉट-अवर झाले, बॅटरी किलोला 350 वॉट-अवरची धरली तरी 400 ग्रॅम वाढले, आणि अख्खं झेफरच 75 किलोच्या आत आहे. त्यामुळे लीडचं निम्मं काम म्हणजे "नाही" म्हणणं, तेही समोरचा रुसणार नाही असं, आणि हे मला अजून नीट जमत नाही.

दुसरं म्हणजे उंचीवर डोकं उलटं चालवावं लागतं. आमचा एक बॉक्स थंडीच्या टेस्ट चेंबरमध्ये उणे 55 अंशाला मस्त पास झाला, सगळे खूश, मग अल्टिट्यूड चेंबरमध्ये (यात हवा काढून उंचीसारखी विरळ करतात) 55 मिलिबारला, म्हणजे 20 किमीवरच्या दाबाला ठेवला तर प्रोसेसर तापून रिसेट व्हायला लागला. आधीच्या चेंबरमध्ये पंखा होता आणि भरपूर हवा होती, 20 किमीवर जमिनीच्या जेमतेम 7 टक्के हवा, उष्णता वाहून नेणार कोण? शेवटी थर्मल पॅड लावून उष्णता चासीत (बॉक्सच्या धातूच्या सांगाड्यात) उतरवली, 60 ग्रॅम वाढले, परत एक्सेल. हाय व्होल्टेज असेल तर अजून वेगळी भानगड, विरळ हवेत आर्किंग (ठिणग्या उडणं) लवकर होतं.

आणि माझी फजिती, जीपीएस. सिम्युलेटरवर विमान वर चढवत होतो, 17,900 मीटर, 17,950, आणि 18,000 ला फिक्स (जीपीएसने दिलेली जागा) गायब! दोन दिवस अँटेना केबल तपासली, कनेक्टर बदलले. नंतर कळलं की बऱ्याच साध्या कमर्शियल रिसीव्हरला जुन्या एक्स्पोर्ट नियमांमुळे 18 किमी उंची आणि सेकंदाला 515 मीटर वेगाची मर्यादा घातलेली असते, काही दोन्ही ओलांडल्यावर थांबतात, काही एकच ओलांडली तरी. आमचा दुसऱ्या जातीचा निघाला. बलूनवाल्या हौशी लोकांना हे पाठ असतं, आणि आम्ही एवढे शहाणे! चूक माझीच, रिक्वायरमेंटमध्ये मी "जीपीएस असावा" एवढंच लिहिलेलं, उंचीचा आकडाच नव्हता.

आपल्या बॉक्सच्या बाहेरचंही बघायला लागतं. मार्च 1999 मध्ये कॅलिफोर्नियात एक ग्लोबल हॉक (अमेरिकेचं मानवरहित विमान) पडलं, विमानात बिघाड नव्हता, तिकडे नेवाडात नेलिस हवाई तळावर फ्लाइट टर्मिनेशनच्या (धोका असेल तर विमान मुद्दाम पाडायच्या) रेडिओची टेस्ट चालू होती, तो सिग्नल याने पकडला आणि सांगितल्याप्रमाणे स्वतःला पाडून घेतलं. फ्रिक्वेन्सीचं को-ऑर्डिनेशनच नीट झालं नव्हतं. आमच्याकडे टेस्टच्या आदल्या दिवशी रेंजवर (टेस्टच्या मैदानावर) फोन करायची जबाबदारी आता नावानिशी एकाकडे असते.

शिकायचं म्हणाल तर सी भाषा आणि कॅन बस (बॉक्स एकमेकांशी बोलतात ती वायरिंग) नीट येऊ द्या, डीओ-160 या विमानातल्या उपकरणांच्या टेस्टच्या स्टँडर्डचं सेक्शन 4 वाचा (तापमान आणि उंची त्यातच आहे), डीओ-178सी (सॉफ्टवेअरचं) आणि एआरपी4754 (अख्ख्या सिस्टिमचं) ही स्टँडर्ड्स कशासाठी असतात एवढं तरी कळू द्या. कोर्सच्या सर्टिफिकेटला मी फार भाव देत नाही, कॉलेजात स्वतः हार्नेस (वायरींचा जुडगा) क्रिम्प केलेला, म्हणजे वायरींना टोकं दाबून बसवलेली असतील तर पटकन बोलावतो.

आणि इंटरव्ह्यूला माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: बाहेर उणे 56, मग बॉक्स का तापला? बरेचजण सेन्सर खराब म्हणतात. एका पोरीने उलट मलाच विचारलं, "सर, चेंबरमध्ये पंखा होता का?" पुढच्या सोमवारी ती जॉइन झाली.