हा कागद कुठल्या कचेरीत जन्मला? कुलाब्यातल्या खोतीचा शोध घेताना शिकलेलं

पीएचडीची नोंदणी झाल्यावर पहिले चार महिने मी 'खोती' हा एकच शब्द दिसेल त्या पोर्टलवर टाकून पाहत होते. खोती म्हणजे खोताने कुळांकडून वसुली करायची आणि गावाचा सारा सरकारात भरायचा, ही कोकणातली जुनी जमीनपद्धत. माझं गाव अलिबाग तालुक्यातलं. आजोबांच्या वेळेपर्यंत आम्ही कुळं होतो, खोताच्या जमिनीत भात लावणारी. खोतांविरुद्ध चरी गावच्या शेतकऱ्यांनी केलेल्या संपाच्या गोष्टी ऐकतच मोठी झाले, त्यामुळे विषय ठरायला वेळ लागला नाही: कुलाबा जिल्ह्यातली, म्हणजे आजच्या रायगडमधली, खोती आणि ती मोडण्यासाठी झालेली लढाई. वेळ गेला तो कागद शोधण्यात. तो का गेला हे मला आता कळतं. यंदा जे इतिहासाच्या किंवा राज्यशास्त्राच्या संशोधनाला नव्याने लागले आहेत, त्यांचे ते चार महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी सोपी गोष्ट सांगून टाकते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात आज जे हाताशी आहे, ते माझ्या आधीच्या पिढीला मिळालं नव्हतं. 1 जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं आता केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांमधून वाचता येतात. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी केंद्राने त्याला 6,000 कोटी रुपये मंजूर केले, विद्यार्थ्याने वेगळे पैसे भरायचे नाहीत. इतिहासवाल्यांसाठी केंब्रिजचं 'मॉडर्न एशियन स्टडीज' आणि सेजचं 'इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू' ही दोनच नावं घेतली तरी पुरे. कॅम्पसच्या वायफायवर हे आपोआप उघडतं. घरून वाचायचं तर ग्रंथालयाकडून लॉगिन घ्यावं लागतं, ते पहिल्याच आठवड्यात घ्या. तुमचं कॉलेज खासगी असेल पण संशोधनाची नोंदणी विद्यापीठात असेल, तर विद्यापीठाच्या ग्रंथपालांना जाऊन भेटा. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे जुने प्रबंधही आधी चाळा, मुख्यतः त्यांच्या शेवटची साधनांची यादी. एखाद्याने तुमच्या आधी तीच दप्तरं उघडली असतील तर त्याचे क्रमांक तिथे मिळतात.

हे सगळं मी केलं. लेख भरपूर मिळाले. मूळ कागद मिळेनात.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल फार मोठं आहे. घरबसल्या नोंदणी करून जुन्या फायली वाचता येतात. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात संविधान सभेच्या चर्चा आणि संसदेच्या कामकाजाची पानं आहेत. मी दोन्हीकडे खोती शोधली आणि हाती जवळजवळ काही लागलं नाही. तेव्हा मला वाटलं, कागद नष्टच झाले असावेत. असं मानून मी विषय बदलायच्या बेतात होते.

ग्रंथालयातल्या संदर्भ विभागातल्या मॅडमनी मला थांबवलं. त्यांनी एकच विचारलं, "अगं, शेतसारा कुणाच्या अखत्यारीत होता, दिल्लीच्या की मुंबईच्या?" मला उत्तर माहीत होतं. पाठ्यपुस्तकात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. 1919 च्या कायद्यात जमीन महसूल हा प्रांताचा राखीव विषय, म्हणजे मंत्र्यांकडे न देता गव्हर्नरच्या हाती ठेवलेला, होता आणि 1935 च्या कायद्यानेही तो प्रांताकडेच ठेवला. म्हणजे खोतीबद्दलचं भांडण मुंबईच्या कायदेमंडळात झालं, मुंबईच्या महसूल खात्याने त्यावर टिपणं लिहिली आणि कागद मुंबईतच राहिले. दिल्लीला ते जायचं कारणच नव्हतं. जे मी परीक्षेत मुद्दा म्हणून लिहिलं होतं, तो कपाटाचा पत्ता होता हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक शोधाआधी वहीत एक प्रश्न लिहिते: हा कागद कुठल्या कचेरीत जन्मला असेल? कोणी कोणाला लिहिला, आणि कशासाठी? त्याचं उत्तर अंदाजाने का होईना देता आलं की मगच संगणक उघडायचा. शब्द टाकून शोधायची सवय आपल्याला लागली आहे, पण सरकारी दप्तर शब्दांवर लावलेलं नसतं. ते खात्यांवर, वर्षांवर आणि बांधलेल्या खंडांवर लावलेलं असतं. महसूल खातं, न्याय खातं, सामान्य खातं, राजकीय खातं. एकाच गावातली एकच घटना सारा थकला म्हणून महसूल खात्यात असते आणि जमाव जमला म्हणून पोलिसांच्या अहवालात असते.

याच रीतीने मी दिल्लीच्या पोर्टलवर पुन्हा गेले, तेव्हा तिथूनही काम झालं. प्रांतांकडून केंद्राच्या गृह खात्याला दर पंधरवड्याला राजकीय परिस्थितीचा अहवाल जायचा. म्हणून गृह खात्याच्या राजकीय शाखेत, मुंबई प्रांताचे पाक्षिक अहवाल असं शोधायचं. तिथे 'खोती' हा शब्द वर्णनात नसतो. आतली पानं वाचली की अलिबाग येतं.

नावांचं दुसरं संकट. रायगड हे जिल्ह्याचं नाव 1981 मध्ये आलं. त्याआधीच्या कागदांत रायगड शोधाल तर किल्ला मिळेल, जिल्हा मिळणार नाही. जिल्हा कुलाबा, आणि इंग्रजीत तोही कधी 'सी'ने लिहिलेला, कधी 'के'ने. ठाण्याचं 'टॅना' होतं, पुण्याचं 'पूना'. गावांच्या स्पेलिंगला तर धरबंध नाही. स्कॅन केलेल्या पानांवरचा मजकूर संगणक वाचतो तेव्हा जुन्या छपाईतली अक्षरं चुकवतो, ते वेगळंच. मी एका वहीत प्रत्येक गावाची जितकी रूपं भेटतील तितकी लिहीत गेले. आता ती तीनेक पानं झाली आहेत आणि माझ्या मते माझ्या संशोधनातली ती सर्वांत उपयोगी तीन पानं आहेत.

आता विधिमंडळाच्या कामकाजाबद्दल जरा सविस्तर, कारण इथे नवीन मुलं फार कमी जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. 10 जानेवारी 1938 ला शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. चरीचे शेतकरी 1933 पासून संपावर होते, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. ते विधेयक मंजूर झालं नाही. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, 1949 च्या खोती निर्मूलन कायद्याने. इतकं कुठल्याही पुस्तकात मिळतं. बाबासाहेबांची विधिमंडळातली भाषणं राज्य शासनाने त्यांच्या इंग्रजी समग्र लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात छापली आहेत, सुरुवात तिथून करा. पण तिथेच थांबू नका. मूळ कामकाजाचा खंड मागवा आणि शेवटची सूची उघडा. सूचीत सभासदांची नावं असतात, त्याखाली त्यांनी विचारलेले प्रश्न. मोठी भाषणं सगळे वाचतात, प्रश्नोत्तरं कोणी वाचत नाही. पण अमुक तालुक्यात किती जमीन, किती सारा, कोणावर काय कारवाई, हे मंत्र्याला आकड्यांत सांगावं लागतं ते प्रश्नोत्तरातच. माझं एक अख्खं प्रकरण अशा उत्तरांवर उभं आहे.

राज्यशास्त्रवाल्यांनो, तुमच्या अलीकडच्या विषयांना हाच धागा शासन निर्णयात सापडतो. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर जीआर मोफत उतरवून घेता येतात. प्रत्येकावर संकेतांक असतो, त्याच्या सुरुवातीचे आकडे वर्ष, महिना, दिवस सांगतात. बहुतेक जण थेट 'शासन निर्णय' या मथळ्याखालचा मजकूर वाचतात. त्याच्या वर 'वाचा' असं लिहून आधीच्या निर्णयांची, परिपत्रकांची आणि पत्रांची यादी दिलेली असते. खरा खजिना तो. यादीतला पहिला निर्णय काढायचा, त्याची 'वाचा' यादी बघायची, मग त्यातला पहिला. माझ्या मैत्रिणीचा विषय रोजगार हमी योजना होता. ती अशीच एकेक पायरी उतरत 1977 च्या कायद्यापर्यंत गेली. जिथे संकेतस्थळ संपलं तिथून पुढचे निर्णय तिने ग्रंथालयात छापील राजपत्रांच्या बांधीव खंडांत शोधले.

गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेले जिल्ह्यांचे माहितीग्रंथ, विसरू नका. कॅम्बेलच्या मालिकेतला रत्नागिरीचा खंड 1880 चा, कुलाब्याचा 1883 चा. गॅझेटियर विभागाने ते संगणकावर आणले आहेत. वाचताना मात्र लक्षात ठेवा की ते कारभार चालवणाऱ्यांनी कारभारासाठी लिहिलं. कूळ आळशी आहे असं वाक्य दिसलं की ते कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या साऱ्याच्या संदर्भात लिहिलं, हे विचारा. 1880 चा खोती कायदा मुळात रत्नागिरीसाठी होता. रत्नागिरीचा नियम कुलाब्याला लावून मोकळं होऊ नका, ही चूक मी छापलेल्या लेखांतही पाहिली आहे.

मुंबईच्या पुराभिलेखागाराच्या पहिल्या दिवसाचं सांगते. मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरले आणि काळा घोड्यापर्यंत चालत गेले. तेव्हा वाचनकक्ष एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत होता. राजाबाई टॉवरमधलं विद्यापीठाचं ग्रंथालय आणि टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी दोन्ही तिथून पायी अंतरावर. एकदा मुंबईत आलात की तिन्हीकडे जाता येतं, दिवस तसा आखा. एशियाटिकच्या 'ग्रंथ संजीवनी'वर जुनी पुस्तकं आणि कागद घरूनही पाहता येतात, ते आधी पाहून घेतलं तर तिथला वेळ वाचतो. मार्गदर्शकाचं पत्र, विद्यापीठाचं ओळखपत्र आणि पेन्सिली बरोबर असू द्या, शाईचं पेन चालत नाही. मागणीपत्रावर खातं, वर्ष आणि खंड क्रमांक लिहावा लागतो, नुसता विषय लिहून फाईल येत नाही. मी पहिल्या दिवशी विषय लिहिला होता. काउंटरवरच्या काकांनी सूचीचं पुस्तक समोर ठेवलं आणि महसूल खात्याचं पान उघडून दिलं. दुपारी तीनला पहिला खंड टेबलावर आला, साडेचारला परत करावा लागला. त्या दीड तासात भराभर उतरवून घेतलं आणि खंड क्रमांक लिहायचा राहिला. तेवढ्यासाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा लाँच पकडली. म्हणून आता आधी खातं, वर्ष, खंड, पान लिहिते आणि मग मजकुराकडे वळते.

मोडीचं काय, असं सगळे विचारतात. शिकाच. पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षण वर्ग घेतं. अक्षरओळख लवकर होते, मग रोज एक पान वाचत राहावं लागतं. माझा सराव आमच्या घरातल्या कागदावर झाला. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांनी खोताला लिहून दिलेली कबुलायत, म्हणजे जमीन कसण्याचा करार, होती. घडीवर कागद फाटलेला, बोरूची वळणं एकात एक गेलेली, खाली डाव्या कोपऱ्यात अंगठा. घरात कोणालाच ती वाचता येत नव्हती. मला पहिला शब्द लागला तो 'भात', मग 'खंडी', मग शेताचं नाव, जे आजी अजूनही घेते. सबंध कागद लागायला अकरा दिवस गेले. फाळा किती, तो कुठे नेऊन घालायचा, पीक बुडालं तरी काय द्यायचं, सगळं त्यात होतं. महसूल खात्याच्या टिपणांत ज्याला 'टेनन्ट' म्हटलंय त्याची सही म्हणजे तो अंगठा. तुमच्या घरातही अशी पेटी असेल तर ग्रंथालयाच्या आधी ती उघडा. कागदाला चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका. चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा.

एक जागा सरकारी दप्तरात रिकामीच राहते. संपाच्या काळात बायकांनी घरं कशी चालवली, मोळ्या विकून, करवंदं विकून, हे आजी सांगते. मी पाहिलेल्या एकाही फायलीत ते नाही. कारण ते कुठल्याच कचेरीत जन्मलं नाही. त्यासाठी मी वर्तमानपत्रांकडे वळले आहे. अलिबागचं 'कृषीवल' 1937 चं. शिवाय 1868 पासून सरकार देशी वृत्तपत्रांच्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्याला करून घेत होतं, त्या अहवालांतून बंद पडलेल्या पत्रांचाही माग लागतो. गोषवारा करणाऱ्याने काय गाळलं हे मात्र मूळ अंक मिळाल्याशिवाय कळत नाही. सध्या मी 1934 च्या पावसाळ्यातले, म्हणजे 'कृषीवल'च्या आधीच्या वृत्तपत्रांचे अंक शोधते आहे. कुणाच्या गावच्या वाचनालयात त्या वर्षाचे बांधीव गठ्ठे असतील, तर ते रद्दीत जाण्याआधी एकदा उघडून बघा आणि ग्रंथपालांना त्यांची नोंद करून ठेवायला सांगा.