विरघळत नाहीये? मग नुसतं ढवळत बसू नका

काही विरघळत नसलं की आपण चमचा घेऊन जोरजोरात ढवळायला लागतो. पण ढवळून फक्त वेग वाढतो, किती विरघळणार ते तेवढंच राहतं. 100 मिली पाण्यात 20 अंशाला साधारण 36 ग्रॅम मीठ मावतं, त्यावर तासभर चमचा फिरवा, उरलेलं तळाशीच बसणार.

म्हणून आधी थोडं पाणी वाढवून बघा. विरघळलं तर प्रश्न पाण्याचाच होता. पाणी वाढवायचं नसेल तर गरम करा, पण सगळ्यांवर सारखा उपयोग होत नाही हां. साखर 20 अंशाला 100 मिलीत 200 ग्रॅमच्या आसपास जाते आणि उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीपेक्षा जास्त, मीठ मात्र उकळलं तरी 36 वरून 39 पर्यंतच पोचतं. चुना तर उलटाच, गरम पाण्यात कमी विरघळतो. गॅसचंही तेच, म्हणून सोडा कोमट झाला की फुसका लागतो.

मावणार आहे पण वेळ लागतोय, असं असेल तर बारीक पूड करा आणि एकदम न ओतता ढवळत ढवळत थोडीथोडी भुरभुरवा, नाहीतर काही पावडरींच्या गुठळ्या होतात आणि आतलं कोरडंच राहतं. मोठे खडे असतील तर कापडाच्या पुरचुंडीत बांधून पाण्याच्या वरच्या भागात लटकवा. विरघळलेलं जड पाणी आपोआप खाली जातं, वर ताजं पाणी येत राहतं, ढवळायची गरजच नाही. मला ही युक्ती फार आवडते.

आणि काहीही केलं तरी विरघळत नसेल तर द्रावकच, म्हणजे ज्यात विरघळवतोय तो द्रवच, चुकलाय. पाण्याच्या रेणूला एका बाजूला थोडा धन आणि दुसऱ्या बाजूला थोडा ऋण भार असतो, त्यामुळे पाणी मिठाचे आयन, म्हणजे भार असलेले कण, ओढून वेगळे करतं, पण तेलकट गोष्टींत असं धरायला काही नसतं. म्हणून ऑइल पेंटला टर्पेंटाइन, मार्करच्या शाईला स्पिरिट, नेलपेंटला ॲसिटोन. डाग काढताना आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात एक थेंब लावून बघा, कारण डागाबरोबर खालचा रंग किंवा प्लास्टिकही जाऊ शकतं. मी एकदा ॲसिटोन थर्माकोलच्या कपात ओतलं, कपच खाली बसला 😅

टर्पेंटाइन, स्पिरिट, ॲसिटोन हे तिन्ही पेट घेतात, त्यामुळे गरम करायची आयडिया फक्त पाण्यासाठी. आणि कॉस्टिक सोडा विरघळवताना नेहमी सोडा पाण्यात टाका, सोड्यावर पाणी ओतलं तर इतकी उष्णता निघते की उसळून अंगावर येतं.