गोधडीच्या आखणीसाठी घरगुती फलक

तुकडे जोडून करायच्या गोधडीची मांडणी जमिनीवर केली, तर ती तिरकस दिसते. पायाजवळचे तुकडे मोठे वाटतात, लांबचे लहान, आणि कोणाचा पाय पडला की सारे पुन्हा मांडावे लागते. भिंतीला टेकवून ठेवता येईल असा फलक घरी करता येतो.

त्यासाठी टाचणी रुतेल असा हलका, साधारण १ इंच जाडीचा फोमचा पत्रा घ्यावा. ४ फूट रुंद आणि ६ फूट उंच फलकावर लहान गोधडी पूर्ण मावते, मोठीचा एकेक भाग पाहता येतो. त्यावर सुती फ्लॅनेल चढवावे, कारण त्याच्या लवेला सुती तुकडे टाचणीशिवायही चिकटून राहतात. ते पांढरे किंवा फिकट राखाडी असावे. नक्षीदार कापड मांडणीशी भांडते. फ्लॅनेलला इस्त्री करून ते चारही बाजूंनी ३ इंच जास्त कापावे आणि मागे वळवून रुंद चिकटपट्टीने बसवावे. आधी समोरासमोरच्या बाजूंचे मध्य पक्के करून मग कोपऱ्यांकडे सरकल्यास कापड तिरके ओढले जात नाही. फलक किंचित मागे झुकवून ठेवला, तर तुकडे गळत नाहीत.

मांडताना नवख्यांची फसगत होते ती शिलाईच्या मायेमुळे, म्हणजे शिवणीत आत जाणाऱ्या कडेच्या कापडामुळे. प्रत्येक बाजूला पाव इंच माया धरून कापलेला ४.५ इंचांचा चौकोन शिवल्यावर ४ इंचांचाच दिसतो, म्हणजे असे ८ चौकोन फलकावर ३६ इंच जागा घेतात, पण गोधडीत ३२ इंच. प्रमाणाविषयी शंका असेल, तर तुकडे एकमेकांवर अर्धा इंच चढवून पाहावेत.

मांडणी झाली की सात-आठ पावले मागे जावे आणि डोळे किलकिले करून पाहावे. माझ्या मते फलकाचा खरा उपयोग इथेच आहे, कारण हातात धरल्यावर सुरेख वाटणारे दोन रंग दुरून एकाच गडदपणाचे दिसतात आणि त्यांच्यातली नक्षी नाहीशी होते. मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढल्यास हा दोष लगेच उघड होतो. अशा वेळी रंग बदलण्यापेक्षा फिकट-गडद बदलणे अधिक परिणामकारक ठरते. शक्य असल्यास मांडणी रात्रभर तशीच ठेवून सकाळच्या उजेडात पुन्हा पाहावी. मात्र फलकावर थेट ऊन पडू देऊ नये, रंग उडतात.

शिवायला घेण्यापूर्वी प्रत्येक ओळीच्या डावीकडील पहिल्या तुकड्याला ओळीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाचावी आणि एका वेळी एकच ओळ उतरवावी. शिवलेली ओळ परत जागेवर लावल्यावर ती शेजारच्या न शिवलेल्या ओळींपेक्षा आखूड दिसेल. ते मापातले चुकणे नव्हे, माया आत गेल्याचा परिणाम आहे, म्हणून ती उसवू नये.